दिवाकरभाऊची झोप

वडसा स्टेशनसमोरच्या हॉटेलात आम्ही जुने नाटकवाले अजून बसतो. चहा यायच्या आधीच कोणीतरी म्हणतं, मास्तर, तो दिवाकरभाऊच्या मशीनचा किस्सा सांगा. मी एक सांगतो, तोवर तबलेवाला दुसरा काढतो. तिसरा बाजूच्या टेबलावरून येतो, आणि तो सांगणारा आमच्या कंपनीत कधी नव्हताच! असं करत करत मामला इतका वाढला, की मधे एकानं खुद्द मलाच ऐकवलं, त्या मशीनवर म्हणे रेडिओसुद्धा लागायचा. साफ खोटं.

म्हणून आता मीच सांगतो. आमच्या झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखातल्या, नाटक कंपनीत मी ऑर्गन वाजवायचो. माझी जागा स्टेजच्या अगदी पुढ्यात, त्यामुळे माझ्याइतकं जवळून कोणी पाहिलेलं नाही. ज्याला पटत नसेल त्यानं आपला चहा प्यावा.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची. धान कापून झालं की आमचा सीझन सुरू व्हायचा. आज आरमोरीकडे, उद्या सिंदेवाहीकडे, परवा चामोर्शीकडे. गावात दिवसा मंडईची जत्रा भरायची नाहीतर बैलांच्या शर्यतीचा शंकरपट असायचा, आणि मग रात्रभर नाटक. रात्रभर म्हणजे खरंच रात्रभर. पडदा पडायचा तेव्हा बाया सडा टाकायला लागलेल्या असायच्या. तसंच गाडीत बसून पुढचं गाव गाठायचं आणि शाळेच्या खोलीत किंवा कोणाच्या छपरीत दिवसाढवळ्या आडवं व्हायचं. आमची झोप ती दिवसाची. भानगड सगळी ह्या झोपेचीच आहे.

*

दिवाकरभाऊ रामटेके हा आमच्या कंपनीचा बाप. म्हणजे नाटकात बापाचं काम त्याचं. अंगानं भरलेला, मान जाड, स्वतःच्या खऱ्या मिशा, आणि आवाज असा की माइक बंद पडला तरी शेवटच्या माणसाला ऐकू जावा. बल्लारपूरची पक्की नोकरी सोडून तो नाटकात आला होता. लोक त्याला वेड्यात काढायचे, पण तो बाप म्हणून स्टेजवर रडायला लागला की तेच लोक उपरण्यानं डोळे पुसायचे.

त्याला एकच खोड. बसला की झोपला. आणि झोप तरी कशी? घोरणं तर आमच्याकडे पुष्कळ जणांचं होतं, पण ह्याचं घोरता घोरता मधेच सगळं बंद व्हायचं. आवाज बंद, श्वास बंद. आम्ही बाकीचे उठून त्याच्याकडे बघत बसायचो. मग तो विहिरीतून वर आल्यासारखा मोठा श्वास ओढायचा आणि पुन्हा घोरायला लागायचा. मला त्या मधल्या शांततेची फार भीती वाटायची, हे मी सरळ सांगतो. दिवसभर असा झोपून तो उठायचा तेव्हा झोपण्याआधीपेक्षा जास्त थकलेला असायचा.

तर त्या वर्षीचं आमचं नाटक असं, की मुलीला आपल्या मनानं लग्न करायचंय आणि बाप नाही म्हणतो. तीन अंक बाप नाही म्हणतो, शेवटी त्याला पश्चात्ताप होतो आणि तो मरतो. आमची हिरॉइन मंदाबाई. नागभीडच्या बाजूच्या एका गावात पहिल्याच अंकात ती दिवाकरभाऊच्या खुर्चीपाशी बसून लग्नाची परवानगी मागायला लागली, आणि दिवाकरभाऊ खुर्चीत झोपलेला!

मंदाबाईनं वाक्य पुन्हा म्हटलं. विंगेतून प्रॉम्प्टर ओरडून ओरडून "नाही! त्रिवार नाही!" सांगत होता. ते मागच्या लोकांनाही ऐकू गेलं, फक्त ज्याला जायला पाहिजे त्याला गेलं नाही. शेवटी मंदाबाई घाबरली आणि सुचेल ते बोलली. "बाबा, तुमचं हे मौन म्हणजे तुमचा आशीर्वाद आहे, असंच मी समजते." वाकून पाया पडली आणि निघून गेली.

झालं. लग्न ठरलं. तीन अंकांचं नाटक पहिल्या अंकातच संपलं. हीरोचं काम करणारा विलास घरातून हाकलून घ्यायला तयार होऊन विंगेत उभा होता, त्याला आता हाकलणार कोण? घाईघाईनं पडदा पाडला. मग कोणीतरी दिवाकरभाऊला गदागदा हलवून काय झालं ते सांगितलं. तो तडक उठला, मिशीवरून हात फिरवला आणि लोकांसमोर येऊन गरजला, "झोपेत होकार दिला असेल, पण आता मी जागा झालो आहे!"

टाळ्या थांबेनात. दुसऱ्या वर्षी त्या गावचे मंडळवाले नाटक ठरवायला आले, तेव्हा म्हणाले, तेच द्या, ज्यात बाप आधी हो म्हणतो.

*

लोक हसले, पण आमचे मालक हिरामणजी हसले नाहीत. वडशाचे तांदळाचे व्यापारी, नाटकाच्या नादानं कंपनी काढलेली. आवाज कधी चढवायचे नाहीत आणि म्हणूनच त्यांची धास्ती वाटायची. सीझन संपल्यावर त्यांनी दिवाकरभाऊला आमच्या सगळ्यांसमोर सांगितलं, "दिवाकर, तुझ्यासारखा बाप मले भेटनार नाई. पण पुढच्या सीझनले स्टेजवर एकदा जरी डोळा लागला, तर मी दुसरा बाप आणीन."

 दिवाकरभाऊची नोकरी सोडलेली, शेती नाही, आणि स्टेजशिवाय दुसरं काही त्याला येत नव्हतं. यायला नकोही होतं. त्या दिवशी तो मला घरापर्यंत सोबत घेऊन गेला आणि वाटेत एकदाच म्हणाला, मास्तर, मी मुद्दाम झोपतो काय गा?

*

दिवाकरभाऊचा धाकटा भाऊ सुधाकर हुशार निघाला होता. डॉक्टर होऊन ऑस्ट्रेलियात गेलेला. शांतावहिनीनं, म्हणजे दिवाकरभाऊच्या बायकोनं, पोस्टात जाऊन त्याला ट्रंक कॉल लावला आणि एका दमात सांगितलं, की तुझा भाऊ झोपला की मरते आन् मंग जिवंत होते, असं रोज चालू हाय. सुधाकर पलीकडून म्हणाला, वहिनी, मी समजलो. पावसाळ्यात तो आला तो मशीन घेऊनच.

आधी त्यानं भावाला नागपूरला नेऊन तपासलं. मग घरी बसवून समजावलं. झोपेत घशाची जागा आतून बसून जाते आणि हवेची वाट बंद होते. जीव गुदमरला की मेंदू जागा करतो. मग पुन्हा झोप, पुन्हा तेच. म्हणजे दिवाकरभाऊ कित्येक वर्षांत खरा झोपलेलाच नव्हता. ह्या मशीननं नाकावाटे सतत हवेचा दाब द्यायचा, म्हणजे वाट उघडी राहते. मशीन म्हणजे धान्याच्या डब्याएवढं जड खोकं, त्याला जाड नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसवायचा रबरी मास्क आणि डोक्यामागून बांधायचे पट्टे.

दिवाकरभाऊनं विचारलं, किती दिवस लावायचं? सुधाकर म्हणाला, जेव्हा जेव्हा झोपशील तेव्हा, जनमभर. दिवाकरभाऊनं नळीकडे पाहिलं आणि म्हणाला, "याच्यापरीस हिरामणजीले दुसरा बाप आणू दे."

सुधाकर चिडला. नाटकाचं सोड, म्हणाला, असंच चाललं तर हृदय जाईल तुझं. ते ऐकून शांतावहिनी आत निघून गेली. ती रडताना कोणाला दिसत नसे. बाहेर आली तेव्हा तिनं आपल्या हातानं खोकं उचलून खाटेच्या उशाशी ठेवलं. विषय संपला.

*

पण लावणं सोपं नव्हतं. पहिले काही दिवस मास्क चढवला की त्याला कोणी नाक दाबल्यासारखं व्हायचं आणि तो ओढून काढायचा. तोंड उघडलं की नाकातून घेतलेली सगळी हवा तोंडातून फर्रकन बाहेर. सुधाकर म्हणाला सवय होईल, आणि त्याची सुटी संपली, तो गेला.

मग दिवाकरभाऊनं ते केलं, जे फक्त नाटकवालाच करेल. त्यानं तालीम घेतली. म्हणाला, नवीन भूमिकेलाही आधी अंगात शिरायला वेळ लागतो, हा तर नुसता पोशाख आहे. रोज सकाळी छपरीत खुर्ची टाकून, मास्क बांधून, मशीन चालू करून तो नुसता बसायचा. झोपायचं नाही. शेंगा निवडायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघायचं. आधी थोडा वेळ, मग जास्त. मला समोर बसवून म्हणायचा की तोंड उघडलं तर सांग. बोलायची सोय नाही म्हणून हातानंच खुणा करायचा, आणि त्याही मोठमोठ्या, शेवटच्या रांगेला दिसाव्यात अशा.

रस्त्यावर गर्दी जमायला लागली. वडशात नाटकाचं कुतूहल सगळ्यांनाच. एका दुकानदारानं विचारलं, दिवाकरभाऊ, औंदाचं कोणतं नाटक बसवून राह्यले? दिवाकरभाऊनं मास्क काढला, शांतपणे म्हणाला, "झोपेचं हाय. यात मले डायलॉग नाई." आणि पुन्हा बांधला.

दिवाळीच्या आत तो त्या खुर्चीतच एकदा झोपी गेला. मास्क लावलेला, तोंड मिटलेलं, आवाज नाही. शांतावहिनीनं मला खुणेनं गप्प राहायला सांगितलं आणि रस्त्यावरच्या टांग्यावाल्याला घोड्याची घंटा धरून चालायला लावली.

*

सीझन सुरू झाला, नाटक मागच्या वर्षीचंच, आणि मशीन आमच्याबरोबर गाडीत निघालं. आता अडचण मिशीची. खऱ्या मिशांमुळे मास्क नीट बसेना, बाजूनं हवा सुटायची आणि डोळ्यांत जायची. दिवाकरभाऊच्या मिशा म्हणजे कंपनीची अर्धी इज्जत. पण तो हट्टाला पेटला होता. एका सकाळी न्हाव्याकडे जाऊन मिशा उतरवून आला. मंदाबाईनं त्याला आधी ओळखलंच नाही, कोण पाहिजे म्हणून विचारलं.

मग स्टेजवर खोटी मिशी. आयुष्यभर दुसऱ्यांना खोट्या मिशांवरून चिडवलेला माणूस आता रोज वरच्या ओठाला स्पिरिट गम लावायला लागला. हा गम भारी चिवट. घामानं सुटत नाही, नाचलं तरी सुटत नाही. काम झालं की स्पिरिटनं पुसून काढावा लागतो. एक दिवस तो दमून आला, मिशी उपटून ठेवली, गम पुसायचं राहून गेलं आणि तसाच मास्क बांधून झोपला.

दुपारी पाहतो तर दिवाकरभाऊ नाकावर मास्क, मागे लोंबती नळी, अशा अवस्थेत स्वयंपाकाच्या चुलीपाशी उभा. पट्टे सोडलेले, पण मास्क ओठाला चिकटलेला! स्पिरिटची बाटली पुढच्या गाडीनं निघून गेली होती. खोबरेल लावलं, कोमट पाणी लावलं, विलासनं ओढून पाहिलं तर दिवाकरभाऊनं त्याला एक ठेवून दिली. शेवटी ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या आजी आल्या, त्यांनी नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, जेवता येते ना? तोंड मोकळं आहे म्हटल्यावर त्यांनी पान वाढलं.

तो तसाच जेवला. दोन वेळा भात घेतला.

*

खरा त्रास विजेचा. नाटकाला जनरेटर असायचा, पण तो फक्त नाटकापुरता. दिवसा गावात कुठल्या घरी लाइट आहे आणि ती टिकते काय, हे बघत फिरावं लागायचं. कुरखेड्याकडच्या एका गावात भरवशाची लाइट एकाच ठिकाणी होती, धानाच्या गिरणीत. गिरणीवाला नाटकवेडा. त्यानं पोती सरकवून खाट टाकून दिली. दिवाकरभाऊ कोंड्याच्या धुरळ्यात, मशीन चालू करून झोपला.

पण गिरणीची मोटर सुरू झाली की व्होल्टेज पडायचं आणि दिवाकरभाऊचं मशीन कण्हायला लागायचं. दोन्ही एकदम चालेना. तोवर बाया टोपल्यांत धान घेऊन रांगेत बसलेल्या. गिरणीवाला पेचात पडला. आधीच्या रात्री त्याच गावात आमचं नाटक झालं होतं, आणि आज रात्रीही तिथेच दुसरा प्रयोग होता. बायांनी वाकून वाकून खाटेकडे पाहिलं. हा तोच बाप काय, म्हणून एकमेकींना विचारलं. मी म्हटलं, आता ह्या ओरडणार.

त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी बाई टोपलीला टेकून बसत म्हणाली, "झोपू द्या त्याले. जागा झाला की पोरीले रडवते."

सगळ्या बाया संध्याकाळपर्यंत बसून राहिल्या. त्या दिवशी गावात जेवणं उशिरा झाली, पण पोरीच्या दुःखाचा बंदोबस्त झाला होता.

*

आता दिवाकरभाऊ जागा राहायला लागला. डोळे साफ, चेहरा उतरलेला नाही, आणि आवाज तर असा लागला की माझ्या ऑर्गनला जोर लावावा लागायचा. कंपनीत बोलणं सुरू झालं, की हे सगळं त्या मशीनच्या हवेनं होतं. सायकलीच्या ट्यूबमधे भरतात तसा दम भरला जातो म्हणे.

विलासला हे पक्कं पटलं. त्याचं गाण्यात वरच्या सुरांना नेहमी अडायचं. एका संध्याकाळी दिवाकरभाऊ आंघोळीला गेला असताना ह्यानं मास्क लावला, मशीन सुरू केलं आणि छातीत मावेल तेवढी हवा घ्यायचं ठरवलं. त्याला वाटलं हवा छातीत जात आहे. पण तो ती चक्क गिळत होता.

पहिल्याच अंकात त्याचं आणि मंदाबाईचं प्रेमाचं गाणं. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीला चंद्राकडे हात करून त्यानं तोंड उघडलं आणि आधी ढेकर आला. साधा नाही, खालून वरपर्यंत आलेला. मंदाबाई पदराआड गेली. मी ऑर्गनवर एकदम सगळी बोटं टाकून तो झाकला. पुढच्या ओळीला पुन्हा. मी पुन्हा झाकला. तबलेवाल्याच्या लक्षात आलं, तोही थाप मारायला लागला. ढेकर, ऑर्गन, तबला, असा ठेकाच बसला.

गाणं संपलं आणि पब्लिक ओरडलं, वन्स मोर!

विलासनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. वन्स मोर आला की द्यावाच लागतो, हा आमच्याकडचा नियम आहे.

*

एक छोटा किस्सा. पूर्वी दिवाकरभाऊ स्टेजवर नसला की विंगेत झोपलेला असायचा. आपलं वाक्य आलं की कोणीतरी ढोसून उठवायचं. त्यामुळे इतके प्रयोग करूनही त्यानं आपलंच नाटक पुरतं पाहिलेलं नव्हतं. आता जागा असल्यामुळे त्यानं एकदा विंगेत उभं राहून सगळं पाहिलं, मुलीचे प्रवेशही, जावयाचेही. सकाळी चहाला हिरामणजींजवळ आला आणि गंभीरपणे म्हणाला, "हिरामणजी, ह्या नाटकात तर सगळी चूक बापाचीच हाय."

त्यानंतर त्याचा बाप फार चांगला व्हायला लागला. पूर्वी तो नुसता ओरडायचा. आता नाही म्हणताना मधेच अडखळायचा, आणि मंदाबाई मला म्हणायची की मला खरंच रडू येतं.

हिरामणजी मात्र रोज विंगेत खुर्ची टाकून त्याच्यावर नजर ठेवून बसायचे. सीझन संपत आला तरी त्यांनी आपला शब्द मागे घेतलेला नव्हता. दिवाकरभाऊलाही ते माहीत होतं. प्रत्येक प्रयोगानंतर तो माझ्याजवळ येऊन विचारायचा, झोपलो काय गा? मी नाही म्हणायचो. तो मान हलवायचा आणि मशीन शोधायला जायचा.

*

शेवटचा प्रयोग गडचिरोलीकडच्या एका मोठ्या गावात होता. आधीचा आटोपून आम्ही सकाळी निघालो. पुढची जीप हिरामणजी स्वतः चालवायचे, दुसऱ्याच्या हाती द्यायचे नाहीत. मी आणि दिवाकरभाऊ मागच्या सीटवर. सरळ रस्ता, दोन्हीकडे मोहाची झाडं, समोरून कोणी नाही. आणि जीप हळूच वाकडी व्हायला लागली. रस्ता उतरली, बांध ओलांडला आणि धान कापलेल्या बांधीत, म्हणजे शेतात, जाऊन धडधडत थांबली.

कोणाला काही झालं नाही. माझ्या कपाळाला टेंगूळ आलं, तेवढंच. हिरामणजी स्टेअरिंग घट्ट धरून समोर बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "शॉर्टकट घेतला."

आम्ही जीप ढकलून रस्त्यावर आणली. मी हसत होतो, पण दिवाकरभाऊ हसत नव्हता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, मास्तर, तू समोर वाजवत असते, मी विंगेत असतो. मालक खुर्चीत बसल्या बसल्या झोपतात. घोरतात, आवाज बंद होते, आणि मंग एकदम श्वास घेतात. मी त्यांना दोनदा सांगून पाहिलं, तर म्हणाले, मी झोपत नाही, डोळे मिटून ऐकतो.

पुढे जीप दिवाकरभाऊनं चालवली. हिरामणजींनी पहिल्यांदा किल्ली दुसऱ्याच्या हातात दिली.

*

आता हा शेवटचा, आणि ह्यात मी माझं काही मिसळलेलं नाही.

सरपंचाच्या घरी उतरलो. लाइट होती. दिवाकरभाऊनं मशीन उचललं आणि स्वतःच्या खाटेपाशी न नेता हिरामणजींच्या उशाशी ठेवलं. हिरामणजींनी हात झटकला. शेवटचा प्रयोग आहे, तू झोप, म्हणाले, माझी अट तुला ठाऊक आहे. मंदाबाईसुद्धा म्हणाली, की भाऊ, एक दिवसानं काय होते, उद्या घरी गेल्यावर द्या.

दिवाकरभाऊ म्हणाला, "तुमचं ऐकून मी सीझनभर जागा राह्यलो. माझं ऐकून तुमी एक दिवस झोपा."

 सकाळची बांधी हिरामणजींच्या डोळ्यांपुढून गेली नसावी. मग आडवे झाले. पट्टे दिवाकरभाऊच्या डोक्याच्या मापाचे, हिरामणजींना ढिले पडत होते आणि हवा सुटत होती. दिवाकरभाऊ बाजूला स्टूल घेऊन बसला आणि मास्क हातानं दाबून धरला. सुरुवातीला हिरामणजींनी तो दोनतीनदा ओढून काढायला पाहिलं. दिवाकरभाऊनं दुसऱ्या हातानं त्यांचा हात धरला. मग हळूहळू हिरामणजींचा हात सुटला, आणि ते झोपले.

आम्ही जेवलो, झोपलो, उठलो. दिवाकरभाऊ तिथेच होता. मी म्हटलं, मी धरतो, तू जरा पड. तर म्हणाला, मशीन इथी हाय, मी तिथी पडून काय करू? दिवे लागेपर्यंत तो तसाच बसून होता. हिरामणजी उठले. अंगणात जाऊन उभे राहिले आणि आजूबाजूला सगळीकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

नाटक सुरू झालं. पहिला अंक दिवाकरभाऊनं रेटला. दुसऱ्या अंकात एकदा त्याची जीभ जड झाली, पण सावरला. मी वाजवत होतो आणि माझं सगळं लक्ष त्याच्याकडे होतं. हिरामणजी विंगेत होते, खुर्ची नव्हती, उभे होते.

तिसऱ्या अंकात बाप मरणाच्या खाटेवर असतो. मुलगी येते, माफी मागते, आणि बाप उठून म्हणतो की चूक माझी होती. मग मरतो. सगळं नाटक त्या वाक्यासाठी आहे. दिवाकरभाऊ खाटेवर आडवा झाला. मंदाबाई आली, रडत खाली बसली, म्हणाली, बाबा, एकदा तरी बोला माझ्याशी.

दिवाकरभाऊ घोरला.

प्रॉम्प्टरनं वाक्य दिलं. पुन्हा दिलं. मंदाबाईनं आपलं वाक्य वाढवून वाढवून म्हटलं. लोकांत कुजबुज झाली, मागे कोणीतरी हसायला लागलं. आणि मग घोरणं थांबलं. आवाज बंद. मंदाबाईनं माझ्याकडे पाहिलं, मी वाजवायचं विसरलो. माझ्या मनात एकच आलं, की ह्याचं संपलं, उद्यापासून दुसरा बाप.

हिरामणजींनी विंगेत चपला काढल्या आणि स्टेजवर आले. इतकी वर्षं कंपनी चालवली, पण पडदा वर असताना ते कधी स्टेजवर आलेले नव्हते. अंगात तोच रोजचा कोट, डोक्यावर टोपी. ते सरळ खाटेपाशी गेले, काठावर बसले आणि दिवाकरभाऊच्या छातीवर हात ठेवला. सगळं पब्लिक चिडीचूप झालं. दिवाकरभाऊनं मोठा श्वास ओढला आणि पुन्हा घोरायला लागला.

मग हिरामणजींनी मंदाबाईकडे पाहिलं. आवाज चढवला नाही, तरी शेवटपर्यंत ऐकू गेला. "पोरी, हा दिवसभर माझ्या उशाशी जागत बसला होता. तुले काय माफी मागायची ते सकाळी माग. आता झोपू दे त्याले."

आणि त्यांनी दुसऱ्या हातानं पडदा पाडायची खूण केली. छातीवरचा हात तसाच ठेवून.